जोडीने हिमालयात गेलात आणि उंची एकालाच बाधली, तर?

दर रविवारी सिंहगड एका दमात चढणारा माझा नवरा नेपाळात एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर नामचे बाजारला (३४४० मीटर) अगदी ठणठणीत होता. रोज माझ्या आधी तासभर पोचायचा आणि लॉजच्या दारात हात बांधून उभा असायचा. दिंगबोचेला (४४१० मीटर) मात्र त्याचं डोकं ठणकायला लागलं, घास गिळवेना. आणि जिला पर्वतीच्या पायऱ्यांवरही दम लागतो ती मी डाळभात पुन्हा वाढून घेत होते! उंची कोणाला बाधेल ते तब्येतीवर ठरत नाही, हे दोघांनीही वाचलं होतं. वाचलेलं नवऱ्याला पटवणं हे वेगळं काम.

तिथे मुक्काम वाढवला. डोकं पूर्ण उतरल्यावरच पुढे गेलो. गोरक शेपला (५१६४ मीटर) हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी धाप लागते. बेस कॅम्प (५३६४ मीटर) दोघांनी केला, पण तिथून एव्हरेस्टचा माथा दिसतच नाही. तो जवळून बघायचा तर गोरक शेपच्या वरचा काला पत्थर हा डोंगर चढायचा. पहाटे नवऱ्याने स्लीपिंग बॅगमधूनच "तू जाऊन ये" म्हटलं आणि मी गाईडबरोबर गेले. आजही पाहुण्यांसमोर हा विषय निघाला की हा चहा टाकायला उठतो.

निसर्गवर्णनं नकोत, ती पुष्कळ झाली. दोघांच्या शरीरांचं जमेना तेव्हा काय ठरवलंत, कोण उतरलं, भांडलात का, ते लिहा.

*

डोंबिवलीहून :

आमचं नेपाळमधलं अन्नपूर्णा सर्किट. ३००० मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, हा नियम पाळत मनांगला (३५४० मीटर) जादा रात्र काढून थोरोंग फेदीला पोचलो. संध्याकाळी बायकोने दोन घास खाल्ले, डोकं दुखतंय म्हणाली, एकदा उलटी झाली. रात्री बाहेर जाऊन परत येताना दाराच्या चौकटीलाच धडकली. मला वाटलं, झोपेत आहे. गाईडने मात्र बघितलं. काही न बोलता त्याने काठीने मातीत एक रेघ ओढली आणि म्हणाला, "दीदी, इस पे चलो. एडी से पंजा जोड के." तिसऱ्या पावलाला ती कलंडली.

डोकेदुखी, मळमळ असेल तर आहे तिथे थांबून बघता येतं. तोल गेला म्हणजे मेंदूला सूज यायला लागली असं धरायचं, आणि मग उजाडायची वाट बघायची नाही. सामान तिथेच टाकून टॉर्चवर उतरलो. वाटभर तिचं एकच पालुपद, "तू वर जा रे, मी गाईडबरोबर उतरते." अशा वेळी त्या माणसाचं म्हणणं मनावर घेऊ नये, डोकंच ठिकाणावर नसतं. याक खर्का येईपर्यंत शब्द सुधारले आणि मनांगला तर तिने ॲपल पाय मागवला.

थोरोंग ला (५४१६ मीटर), म्हणजे ओलांडायची खिंड, राहिला तो राहिलाच. खिंडीपलीकडे मुक्तिनाथ, आणि आईने त्याला वाहायला नारळ दिलेला. मग पोखऱ्याला येऊन जोमसोममार्गे जीपने गेलो. नारळ कोणत्या वाटेने पोचला याच्याशी आईला काही देणंघेणं नव्हतं.

*

कोल्हापूरहून :

आम्ही दोघंही साठीच्या पुढचे. ह्यांचे गुडघे कुरकुरतात, म्हणून मुद्दाम दार्जिलिंगकडचं संदकफू (३६३६ मीटर) निवडलं. मानेभंजनपासून वरपर्यंत गाडीरस्ता आहे, जुन्या लँड रोव्हर खडखडत जातात. कालीपोखरीला ह्यांचा गुडघा सुजला तेव्हा ह्यांना गाडीत बसवलं आणि मी चालत निघाले. गाईड पोरगा मलाच तीनतीनदा विचारतोय, "आंटी, पक्का?" शेवटचा चढ छातीवर येतो हो! वर पोचले तर हे थुक्पा संपवून, रजई पांघरून, लॉजवाल्याशी गुळाचे भाव बोलत बसलेले. सकाळी कांचनजंगा (८५८६ मीटर) दोघांनाही सारखाच दिसला. गाडीने आलं की ट्रेक खोटा, असं म्हणणाऱ्यांनी आधी आमच्या वयाचं व्हावं.

*

साताऱ्याहून (मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं रटाळ) :

जोडप्यांमध्ये लक्षणं लपवायची फार खोड असते. समोरच्याची सुट्टी आणि पैसे वाया जातील म्हणून "काही नाही, उन्हाने डोकं चढलंय". आम्ही रोज संध्याकाळी एकमेकांना डोकं, भूक, थकवा आणि चक्कर एवढंच विचारायचो, आणि उत्तर ऐकून नाही तर तोंडाकडे बघून ठरवायचो. ऑक्सिमीटरवरून भांडू नका, गारठलेल्या बोटावर तो वाट्टेल ते आकडे दाखवतो. डायमॉक्स ही गोळी उंचीच्या त्रासाला प्रतिबंध म्हणून सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण आपल्या डॉक्टरला विचारूनच घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर विशेष. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं आणि कोला गोडमिट्ट पाण्यासारखा लागतो. घाबरू नका, औषधाचाच गुण आहे. बसल्या जागी धाप लागली तर मात्र फुफ्फुसात पाणी होत असेल, तिथे गोळीवर विसंबायचं नाही, उतरायचं.

एव्हरेस्टच्या वाटेवर असाल तर फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. हंगामात तिथे उंचीच्या त्रासावर बोलतात. तिथे दोघांनी जा. एकटा ऐकून आला की दुसऱ्याला ती कटकट वाटते, स्वानुभव.

*

नाशिकहून :

आम्हाला उंचीने काही केलं नाही, भांडण चालीवरून. लग्न नवीन, ट्रेक हिमाचलातली हामटा पास ही खिंड. हा पुढे, मी मागे, आणि वळणावर उभा राहून माझ्याकडे असा बघायचा की जणू बस चुकतेय. मी पोचले की हा लगेच चालायला लागणार. म्हणजे विश्रांती त्याला, मला शून्य! दुसऱ्या दिवशी ट्रेक लीडरने मला रांगेत सगळ्यात पुढे घातलं आणि ह्याला शेवटी. खिंड ओलांडून शिया गोरूला उतरेपर्यंत हा माझ्याच चालीने चालला. कुलूकडची हिरवळ संपून लाहौलचा उघडाबोडका डोंगर सुरू होतो तो बदल ह्याला तेव्हा कुठे दिसला, म्हणे.

आणखी एक. ट्रेकवाल्यांनी आमच्या तंबूत तिसरा गडी घातला, नागपूरचा, सज्जन, पण घोरणारा. नवविवाहितांनो, दोघांचा तंबू पैसे भरायच्या आधी लेखी मागून घ्या.