मदत हवी आहे: गाण्यांचं मोड अ‍ॅप लॉगिनच घेईना

अक्कलकोट_रोड:
मंडळी, लवकर सांगा. कालपासून मोड, म्हणजे फेरफार करून जाहिराती काढलेलं अ‍ॅप, उघडलं की लॉगिनवरच गोल फिरत बसतंय. नवी फाईल घ्यायला गेलो तर त्या पानावर 'कॉपीराइट तक्रारीमुळे काढले' एवढंच. कारखान्यात माग चालू असताना दिवसभर गाणी लागतात, दर दोन गाण्यांनी गृहकर्जाची जाहिरात कोण ऐकणार? जुनी फाईल आहे का कुणाकडे?

बाळीवेस:
कुठलं अ‍ॅप? फोन कुठला?

अक्कलकोट_रोड:
अहो, सगळे वापरतात तेच. फोन साधा अँड्रॉइड.

जुना_मेंबर:
'तेच' म्हणजे यूट्यूबचं मोड व्हॅन्स्ड असेल तर ते मार्च २०२२ मध्येच बंद पडलं. गूगलने कायद्याचा बडगा दाखवला, करणाऱ्यांनी लिंका काढल्या. फोनात आधीपासून होतं त्यांचं पुढेही चाललं. तक्रार फाईल ठेवणाऱ्या साइटकडे जाते, तुमच्या फोनात कुणी हात घालत नाही. लॉगिन अडलंय म्हणजे बहुतेक सर्व्हरवर काही बदललंय. जुन्या फाईलने काय होणार?

सात_रस्ता:
काहीही. भावाने टेलिग्रामवरून घेतली, झकास चालतीय.

जुना_मेंबर:
सही, म्हणजे बनवणाऱ्याची डिजिटल खूण, कुणाची आहे त्या फाईलवर? सही जुळली नाही तर जुन्या अ‍ॅपवर नवी फाईल बसत नाही. मग लोक जुनं काढतात, अनोळखी टाकतात आणि त्यातच जीमेलचा पासवर्ड देऊन मोकळे. फोटो, बॅकअप सगळं त्याच खात्यावर!

बाळीवेस:
माझ्या टीव्हीवर पण जाहिराती फार येतात, सेटटॉप बॉक्स बदलला तरी तेच.

कायदेपंडित:
ते पान परतही येऊ शकतं. अशा तक्रारी बहुतेक डीएमसीएखाली होतात, तो अमेरिकेचा डिजिटल कॉपीराइटचा १९९८ चा कायदा. ज्याची फाईल काढली त्याने 'चुकून काढली' अशी प्रतिनोटीस दिली आणि तक्रारदार कोर्टात गेला नाही, तर १० ते १४ कामाच्या दिवसांत साइट फाईल पुन्हा ठेवू शकते. पण मोडवाला स्वतःचं नाव-पत्ता देऊन प्रतिनोटीस कशाला भरेल? आणि आपल्याकडेही कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीत ६५अ कलम आलंय. हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप, म्हणजे कॉपी रोखणारी तांत्रिक सोय, तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद.

सात_रस्ता:
मग निम्मं सोलापूर आत!

गृहिणी_विजापूर_रोड:
सरळ पैसे भरा की. फॅमिली प्लॅन घेतला, घरात सगळ्यांना पुरतो.

कायदेपंडित:
ताई, ते घरासाठी ठीक. असे प्लॅन खाजगी वापरासाठी, धंद्याच्या जागी वाजवायला नसतात, अटींतच लिहिलेलं असतं.

अक्कलकोट_रोड:
म्हणजे पैसे भरूनही चोरच का? सोडा. पेनड्राइव्हचा स्पीकर आहे आमच्याकडे. गाणी भरून देणारा कोण आहे नव्या पेठेत?

कायदेपंडित:
तोही कॉपीराइटचा भंगच.

बाळीवेस:
एक होता पार्क चौकाजवळ. आता मोबाइलची कव्हरं विकतो. तिकडे जाणार असाल तर दुपारी नको, ऊन लई आहे.