बदकांच्या कळपातले नर आवरत नाहीत, एका मादीची मान सोलली गेली आहे

प्रश्न – डिचोलीहून

सर्वांना नमस्कार. गोव्यात डिचोली तालुक्यात कुळागराला, म्हणजे माड-पोफळीच्या बागेला लागून आमचे घर आहे. गेल्या ऑगस्टमध्ये दारावर पिल्ले विकायला आलेल्या एका माणसाकडून आम्ही खाकी कॅम्पबेल जातीची बदके म्हणून १० पिल्ले घेतली. त्यांतले एक पहिल्याच आठवड्यात मुंगसाने नेले आणि उरलेली ९ आता सात महिन्यांची झाली आहेत. शेपटीवरच्या वळलेल्या पिसावरून पाहता त्यांत ४ नर आणि ५ माद्या आहेत. डिसेंबरपर्यंत सगळी एकत्र पाटात उतरत आणि तिन्हीसांजेला एकत्रच खुराड्याकडे परतत. जानेवारीपासून मात्र नर माद्यांच्या मागे असे लागले आहेत, की त्यांना धड दाणा टिपायलाही उसंत मिळत नाही.

डाव्या पंखावर पांढरा डाग असलेल्या एका मादीची अवस्था सर्वांत वाईट आहे. तिच्या मानेमागची पिसे पूर्ण गेली असून रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर रक्त साकळले आहे. परवा सकाळी सिमेंटच्या टाकीत तीन नरांनी तिला एकाच वेळी दाबून धरले आणि तिचे डोके पाण्याखाली गेले. माझा मुलगा जवळच दात घासत उभा होता म्हणून ती वाचली. त्या तिघांतला थोराड नर आता सासूबाईंच्या पायांनाही चावतो आणि आमच्या गावठी कोंबड्यांवर चढू पाहतो. तो एक विकून टाकला तर बाकीचे शांत होतील का? आणि नर कमी केले तर अंडी बंद होतील का? सध्या रोज तीन, कधी चार अंडी मिळतात.

पहिले उत्तर – सत्तरीहून

ताई, हे उत्तर पूर्ण वाचण्याआधी त्या जखमी मादीला वेगळी काढा. मोठे डालगे असेल तर तेही चालेल. तिच्याबरोबर दुसरी एखादी शांत मादी ठेवा, कारण बदक एकटे राहिले की खाणे सोडते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी बारा वर्षे बदके पाळतो आहे आणि सुरुवातीला मीही नेमके हेच केले होते, म्हणजे सर्वांत दांडगा नर विकला आणि निश्चिंत झालो. आठ दिवसांत त्याची जागा दुसऱ्याने घेतली. दोष त्या एका नराच्या स्वभावात नाही, संख्येत आहे. खाकी कॅम्पबेलसारख्या हलक्या जातीत एका नरामागे निदान ५ ते ६ माद्या असाव्या लागतात. तुमच्याकडे एका नराच्या वाट्याला जेमतेम सव्वा मादी येते. शिवाय नर एकमेकांशी चढाओढ करतात, म्हणून एकाने मादी धरली की बाकीचे तिच्यावरच धावून येतात, आणि वयात आल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत हा जोर सर्वांत अधिक असतो.

अंड्यांची काळजी करू नका. मादी नराशिवायही अंडी घालते. नर लागतो तो फक्त पिल्ले काढायची असतील तर. उलट सततच्या पाठलागातून सुटल्यावर तिचे खाणे सुधारते आणि त्याचा अंड्यांना फायदाच होतो.

माझा सल्ला असा, की सगळे नर एका वेगळ्या कुंपणात एकत्र ठेवावेत. ऐकायला विचित्र वाटेल, पण माद्या नजरेआड असल्या की नर आपापसांत बहुधा समजुतीने राहतात. पहिले दोन दिवस छातीला छाती लावून ढकलाढकली होते, मग थांबते. ‘नजरेआड’ हा शब्द मात्र मनावर घ्या. नुसती जाळी लावली तर नर दिवसभर तिच्याशी येरझाऱ्या घालतात आणि त्या तणावात एकमेकांना ओरबाडतात. मी जाळीला माडाची विणलेली चुडते उभी बांधली आहेत, दोन हात उंचीची. त्याने काम भागते. रात्रीच्या निवाऱ्यात प्रत्येक बदकाला ४ चौरस फूट तरी जागा द्या आणि तळाला चिऱ्याची एक ओळ बसवा, म्हणजे मुंगूस खालून उकरून शिरणार नाही आणि पावसाळ्यात आतली जमीन चिखल होणार नाही.

वेगळ्या कुंपणाचा आणखी एक लाभ आहे, ज्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. अंडी घालणाऱ्या माद्यांसाठी मिळणाऱ्या खाद्यात कॅल्शियम भरपूर असते आणि ते नराला वर्षानुवर्षे खाऊ घातले तर त्याच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. नरांना साधे खाद्य द्यावे. माद्यांसाठी तिसऱ्यांची, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांची कवचे धुऊन, वाळवून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवावीत. लागेल तेवढे त्या स्वतःच टिपतात.

आणि एक विनंती: संख्या ठरवण्याआधी नर-मादी पुन्हा एकदा मोजा. वळलेले पीस भांडणात उपटले जाते, पिसे झडण्याच्या काळात गळूनही पडते. आवाजावरून चूक होत नाही. मादी मोठ्याने, स्पष्ट ‘क्वॅक क्वॅक’ करते. नराचा आवाज घसा बसल्यासारखा, घोगरा आणि हळू असतो.

दुसरे उत्तर – फोंड्याहून

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करते, म्हणून जखमेपुरते आणि कोंबड्यांपुरते लिहिते.

एक लिटर पाणी उकळून निववावे, त्यात चहाचा दीड सपाट चमचा मीठ विरघळवावे आणि त्याने जखम दिवसातून दोनदा धुवावी. नंतर पोव्हिडोन आयोडीन पातळ करून, फिक्या चहाच्या रंगाचे झाल्यावर, कापसाने हलके लावावे. जखमेभोवतीची पिसे चिकटली असतील तर ती ओढू नयेत, कात्रीने आखूड करावीत. माणसांसाठीची वेदनाशामक मलमे लावू नयेत, कारण त्यांतली बधिर करणारी काही द्रव्ये पक्ष्यांना घातक ठरतात. आपल्याकडच्या दमट हवेत माशा जखमेवर तासाभरात अंडी घालतात. म्हणून तिला मच्छरदाणीखाली ठेवणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. रोज पिसे बाजूला करून, उजेडात, त्वचेपर्यंत पाहावे. पांढरे बारीक पुंजके दिसले, जखमेला वास आला, ती लंगडू लागली किंवा एक डोळा मिटून बसली, तर घरी थांबू नये, डॉक्टरांकडे न्यावे. नर चोचीने मान धरताना मादीच्या डोळ्याला इजा होण्याचे प्रकार मी अनेकदा पाहिले आहेत.

कोंबड्यांच्या बाबतीत मात्र मी आग्रहाने सांगते, की त्या नराला आजपासून त्यांच्यात सोडू नका. कोंबड्याला बाह्य जननेंद्रिय नसते, बदकाच्या नराला ते असते, आणि कोंबडीचे शरीर त्यासाठी घडलेले नाही. आतून फाटून जंतुसंसर्ग होतो आणि कोंबडी दगावू शकते. बाहेरून काही दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

टाकीविषयीही सांगते. बदके बहुधा पाण्यात जोडी लावतात, त्यामुळे उभ्या काठाची खोल टाकी हीच माद्यांसाठी सर्वांत धोक्याची जागा असते. नर वेगळे होईपर्यंत टाकी झाकून ठेवा आणि चोच व डोळे बुडतील एवढे पाणी उथळ घमेल्यात द्या.

प्रश्न विचारणारीकडून

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी एकेकाला उचलून काखेत धरले आणि ओरडू दिले. चार नर घोगरे निघाले, हे अपेक्षितच होते. पण ज्याला आम्ही सात महिने मादी समजत होतो, ज्याच्या शेपटीला वळलेले पीसच नाही, तोही तसाच घोगरा बोलला. म्हणजे ५ नर आणि ४ माद्या! रोज जास्तीत जास्त चारच अंडी का मिळतात, याचा मी कधी विचारच केला नव्हता. परवा टाकीत तिला दाबणाऱ्यांत हाही होता.

आता पाचही वेगळे करायचे की एक माद्यांत ठेवायचा? आणि सासूबाईंच्या पायांचे काय करावे?

तिसरे उत्तर – पेडण्याहून

वहिनी, ४ माद्यांत तूर्त एकही नर ठेवू नका. नियमाने एकालाही त्या अपुऱ्याच पडतात, आणि त्यांतली एक तर जखमी आहे. पिल्ले हवी असतील तेव्हा सर्वांत सौम्य नर काही दिवस, तोही दिवसातले काही तास, तुमच्या डोळ्यांसमोर आत सोडा. तो बाहेर काढल्यावरही साधारण आठवडाभर अंडी फलित मिळतात, त्यामुळे त्याला कायम आत ठेवण्याची गरज पडत नाही.

चावणारा नर बहुधा हातावर वाढलेला असतो. त्याला माणसाची भीती नसते आणि तो माणसालाही कळपातलाच समजतो. त्याला लाथ मारू नये किंवा काठीने हाकलू नये, त्याने तो अधिकच चवताळतो. सासूबाईंनी मागे सरायचे नाही. घरातल्या कोणीतरी शांतपणे वाकून त्याच्या पाठीवर तळवा ठेवावा आणि तो धडपड थांबवेपर्यंत त्याला हलकेच खाली धरावे. प्रत्येक वेळी, न चुकता. आमच्या नराला दोन आठवडे लागले. काही जण चोचीचे टोक कापण्याचा सल्ला देतात, तो ऐकू नका. बदक चोचीने चिखल चाळून खाते आणि तिच्या टोकाला संवेदना असते.

जागा नसेल तर दोन-तीन नर खाण्यासाठी कमी करण्यातही काही गैर नाही, असे माझे मत आहे. माद्यांना असे रोज फाडू देण्यापेक्षा ते बरे.

प्रश्न विचारणारीकडून, तीन आठवड्यांनी

फणसाच्या झाडाखाली चुडतांचा आडोसा करून नरांचे कुंपण घातले. दोन नर शेजारच्या गावातल्या ओळखीच्या कुटुंबाला दिले, त्यांच्याकडे माद्या बऱ्याच आहेत. उरलेले तिघे पहिल्या दिवशी खूप भांडले. चौथ्या दिवशी सकाळी पाहिले तर एकाच घमेल्यात तिघांची डोकी होती. थोराड नर सासूबाईंना अजून एखादवेळी चोच मारतो, पण तळवा ठेवला की बसतो.

पांढऱ्या डागाच्या मादीची जखम सुकली. उपटलेल्या पिसांच्या जागी निळसर कोंब आले आहेत आणि हात लावला की टोचतात. जिथे पिसे मधूनच मोडली होती तिथे अजून काही नाही, ती पुढच्या वेळी पिसे झडतील तेव्हाच येतील असे दवाखान्यात सांगितले. कालपासून ती इतर तिघींबरोबर पाटात उतरते. आज चार अंडी होती.