कॅम्पबेल गेला, पण किंग होता

कुणीतरी लिहिलंय की 2001 मध्ये सोल कॅम्पबेल कट्टर प्रतिस्पर्धी आर्सेनलला गेल्यावर टॉटनहॅम या लंडनच्या फुटबॉल क्लबला त्या तोडीचा बचावपटू मिळालाच नाही. अहो, लेडली किंगला विसरलात की काय?

त्याच्या डाव्या गुडघ्यातली कूर्चा जवळजवळ संपलेली. हाडावर हाड घासायचं. मॅच झाली की गुडघा सुजायचा, म्हणून शेवटच्या काही वर्षांत संघाबरोबर सराव जवळपास बंदच. आठवडाभर जिम, पोहणं, आणि मग थेट मैदानात उतरून समोरच्या स्ट्रायकरच्या पायातून बॉल अलगद काढून घ्यायचा! 2008 च्या लीग कप फायनलमध्ये चेल्सीला 2-1 हरवलं तेव्हा कप्तान तोच होता. इंग्लंडकडून मात्र जेमतेम 21 सामने. 2010 च्या वर्ल्ड कपला नेलं, तर अमेरिकेविरुद्ध मध्यंतरालाच जांघेच्या दुखापतीनं बाहेर.

आणि गंमत म्हणजे, डिसेंबर 2000 मध्ये ब्रॅडफर्डविरुद्ध 10 सेकंदांच्या आत गोल मारून या बचावपटूनं प्रीमियर लीगमधल्या (इंग्लंडची अव्वल लीग) सर्वात वेगवान गोलचा जो विक्रम केला, तो 2019 पर्यंत एकाही स्ट्रायकरला मोडता आला नव्हता.

2012 ला निवृत्त झाला, वय अवघं 31. क्लब शेवटपर्यंत एकच. कॅम्पबेलचं काय ते तुम्हीच बघा.