भिंतीचा रंग टिकतच नाही, पेंटरला उद्या सांगायचंय. मदत हवी आहे

गावभागवाली:
नमस्कार. सांगलीत गावभागात सासऱ्यांचं जुनं घर आहे, आम्ही तिथंच राहतो. पुढच्या दोन खोल्यांचा रंग कितीही वेळा दिला तरी खालून पापुद्रे सुटतात, पांढरी पावडर गळते. धाकटी रांगायला लागलीय आणि तिला नेमकं तेच तोंडात घालायचं असतं. पेंटर म्हणतो वॉटरप्रूफ पुट्टीचे दोन हात मारू आणि वर चांगल्यातला प्लास्टिक पेंट. मिस्टर म्हणतात पीव्हीसी पॅनल ठोकू, कटकट मिटेल. दिवाळीला नणंदा येणार आहेत. दोन्हीपैकी कुठलं चांगलं एवढंच सांगा. पाडून बांधा म्हणू नका, सासरे ऐकायचे नाहीत.

मिरज_जंक्शन:
डोळे झाकून पॅनल. आमच्या हॉलला लावलेत. एका दिवसात काम, ओल्या फडक्यानं पुसायचं, विषय संपला.

कृष्णाकाठ:
पॅनलनं ओल जात नाही, दिसायची बंद होते. मागं बुरशी आणि वाळवी सुखानं नांदतात. ताई, भिंत कशाची आहे? रंग किती उंचीपर्यंत पडतोय?

गावभागवाली:
भिंत जाड आहे, जुन्या घराची असते तशी. कंबरेपर्यंत पडतो, एका भिंतीला जास्त. पॅनल की पुट्टी?

मिरज_जंक्शन:
आमच्या पॅनलमागं काही नांदत नाही.

कृष्णाकाठ:
काढून बघितलंय का कधी?

निवृत्त_ओव्हरसियर:
जाड म्हणजे दीड-दोन फुटी, मातीत नाहीतर चुन्यात बांधलेली असणार. वर गिलावा कशाचा आहे? आणि २०१९ ला घरात पाणी होतं का?

गावभागवाली:
अहो काका, गावभाग लिहिलंय की वर. पाणी कुणाच्या घरात नव्हतं? २१ ला पण आलं. सिमेंटचा गिलावा पुरानंतरच केलाय, मजबूत राहावं म्हणून. हे सगळं ठीक आहे, पण पेंटर सकाळी नऊला येतोय.

खणभाग_एक्सप्रेस:
१९ चं काय घेऊन बसलाय, खरा पूर ०५ चा!

पेवातली_हळद:
आकडे बघा आणि बोला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं, २०१९ ला ५७ च्या वर. धोक्याची पातळीच ४५ आहे. हरिपूरची हळदीची पेवं (साठवणीचे जमिनीतले खड्डे) मात्र ०५ नं घालवली, ते खरं.

खणभाग_एक्सप्रेस:
आकडे कागदावर. आमच्या गल्लीत ०५ लाच जास्त दिवस पाणी होतं.

कृष्णाकाठ:
पुराचा धागा वेगळा काढा की राव.

निवृत्त_ओव्हरसियर:
ताई, नीट वाचा. जुन्या भिंतीला खाली ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी विटेतून वर चढतं, सोबत क्षार आणतं. पृष्ठभागावर पाणी उडून जातं आणि क्षाराचे खडे मागं राहतात. तेच रंगाला आतून ढकलतात. हाच लोणा. पुरानं भिंत पार भिजवली आणि वर तुम्ही सिमेंट चढवलंत, आता ओलीला बाहेर पडायला वाट नाही. पुट्टी मारली तर आज कंबरेला आहे ते उद्या खांद्याला येईल. रंगाचं नंतर बघू. ओलीच्या रेषेच्या वर दीड-दोन फुटांपर्यंत सिमेंट उतरवा, लोणा कोरड्या ब्रशनं झाडा (पाण्यानं धुऊ नका, परत आत जातो), भिंत उघडी ठेवा. वाळायला इंचाला महिना हा ढोबळ हिशेब. मग चुन्याचा गिलावा.

गावभागवाली:
इंचाला महिना?? काका, दिवाळी आहे.

सातारी_कंदी:
चुन्याला तोड नाही. आमच्या साताऱ्यातल्या वाड्याला बैलाच्या घाणीत मळलेला चुना होता, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून. माळवद (मातीचं सपाट छप्पर) तर असं की मे महिन्यात पंखा लागत नाही. माळवदावर दरवर्षी पांढरी माती टाकायची, लोक तेवढं करत नाहीत आणि मग गळतं म्हणून ओरडतात. तुमच्याकडं माळवद आहे की कौलं?

गावभागवाली:
कौलं. वरून गळत नाही, प्रश्न खालचा आहे.

मिरज_जंक्शन:
घाणी कुठून आणणार, बैल कुठून आणणार? चुन्यातलं काम येणारा गवंडी दाखवा एक तरी.

निवृत्त_ओव्हरसियर:
बैल लागत नाही. भाजलेला चुना विरवून पाण्याखाली काही आठवडे मुरवला तरी चालतो. गवंडी शोधावा लागतो, हे मान्य. विरवताना चुना उकळतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो. मुलं असताना हे काम घरात नको, परड्यातही लक्ष ठेवून.

शुभंकर_वास्तू:
ओल म्हणजे जलतत्त्वाचा दोष. जास्त ओली भिंत कुठल्या दिशेला आहे? तिच्या पलीकडं काय आहे?

गावभागवाली:
पूर्वेला. पलीकडं मोरी आहे.

निवृत्त_ओव्हरसियर:
मोरी! हे आधी सांगायचं असतं. मग पुराचा लोणा एक आणि मोरीची गळती दुसरी. मोरीचा कोपरा आणि नळाचा पाइप आधी तपासा. गल्लीतला रस्ता काँक्रीट होऊन जोत्याच्या वर आलाय का?

गावभागवाली:
आलाय. उंबऱ्याच्या एकच पायरी खाली उरलाय.

शुभंकर_वास्तू:
पूर्वेला मोरी चालते तशी. मी उपाय सांगतो.

कृष्णाकाठ:
उपाय प्लंबर सांगेल. ताई, एक सोपी गोष्ट करा. भिंतीवर जिथं रंग अजून धरून आहे तिथं वीतभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपनं चिकटवा, दोन दिवस ठेवा. भिंतीच्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतली, वरच्या बाजूला आले तर खोलीतल्या हवेची. पेंटरला तोवर थांबवा.

गावभागवाली:
थांबवला तर तो दुसरीकडं जाईल. नुसतं बसवण्यापेक्षा जुनी दारं घासायला लावते, मशीन आणलंय त्यानं.

दोन_लेकरांची_आई:
दारं कोरडी घासू देऊ नका!! जुना ऑइलपेंट आहे ना? त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगांना शिशाची ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून आली, त्याआधीच्या डब्यांचा भरवसा नाही. मशीननं त्याची धूळ घरभर होते आणि रांगणाऱ्या बाळाचा हात फरशीवरून थेट तोंडात. घासायचंच तर ओलं करून, हातानं, बाळ दुसऱ्या घरी. फरशी झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. भिंतीचे पापुद्रेही तसेच गोळा करा.

खणभाग_एक्सप्रेस:
आम्ही असल्याच रंगात वाढलो, काय झालं?

दोन_लेकरांची_आई:
ते कुणी तपासलंय?

गावभागवाली:
कागद लावला होता. भिंतीच्या बाजूनं थेंबच थेंब. मोरीच्या कोपऱ्यात फरशी ठोकली तर पोकळ वाजते, प्लंबर सोमवारी येतोय. दिवाळीला सिमेंट उतरवलेलीच भिंत दिसणार, नणंदांना सांगून टाकलंय. बाळाचं सगळं मधल्या खोलीत हलवलं. काका, तुमच्या ओळखीत चुन्याचा गवंडी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि माडीवरची खोली कोरडी आहे, तिथं पेंटरला पुट्टी मारू दे का?

निवृत्त_ओव्हरसियर:
तिथं मारू दे. गवंड्याचं व्यनित कळवतो.

मिरज_जंक्शन:
माडीवर पॅनल लावा.