मदत हवी आहे: एचआयव्ही चाचणी नेमकी कधी 'फायनल' धरायची?

मी ३१ वर्षांची, पुण्यात राहते. नवीन नातं आहे, लग्न झालेलं नाही. आतापर्यंत आम्ही दर वेळी कंडोम वापरलाय, पुढे तो थांबवायचा विचार आहे. त्याआधी दोघांनीही तपासून घ्यायचं, हे आम्ही मोकळेपणाने बोलून ठरवलं.

माझा आधीचा संबंध दोन वर्षांपूर्वीचा. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात) मोफत चाचणी केली, निगेटिव्ह आली. प्रश्न माझ्या जोडीदाराचा आहे. त्याचा कंडोमशिवायचा शेवटचा संबंध सात आठवड्यांपूर्वीचा, म्हणजे आमची ओळख होण्याआधीचा. ४५ दिवस उलटल्यावर त्याने खासगी लॅबमध्ये शिरेतून रक्त देऊन चौथ्या पिढीची (अँटिजेन-अँटिबॉडी) चाचणी केली. तीही निगेटिव्ह. पण आयसीटीसीतल्या समुपदेशक ताईंनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासा म्हणून सांगितलं. मी वाचलं त्याप्रमाणे लागण चाचणीत दिसण्यासाठीचा ९० दिवसांचा अवधी बोटातून रक्त घेऊन करतात त्या रॅपिड चाचणीसाठी असतो, आणि लॅबच्या चौथ्या पिढीच्या चाचणीला ४५ दिवस पुरतात.

दोघांनीही पेप किंवा प्रेप (एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी संपर्कानंतर किंवा आधी घ्यायची औषधं) कधी घेतलेलं नाही. हेपॅटायटिस बी आणि सिफिलिसच्या चाचण्या अजून राहिल्यात. गर्भनिरोधनासाठी गोळ्या सुरू आहेत, त्यामुळे तो मुद्दा नको. थांबायला आमची हरकत नाही, घाईही नाही. '१०९७ला (एड्स हेल्पलाइनला) फोन कर' एवढंच कृपया सांगू नका, तो करणारच आहे.

इथे कुणी डॉक्टर किंवा समुपदेशक असतील तर सांगा: त्याचा हा रिपोर्ट अंतिम धरायचा, की ९० दिवसांनंतर पुन्हा तपासेपर्यंत कंडोम सुरूच ठेवायचा?