अनुभव धागा: माहितीचा अधिकार वापरून तुम्हाला काय मिळालं?

रानपाखरू
काल शेजारचा मुलगा माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना मागायला आला. जोडपत्र 'अ' शोधताना सगळं आठवलं, म्हणून हा धागा.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. नोकरीत असतानाच गेले. आईचं कुटुंब निवृत्तिवेतन अडकलं ते अडकलंच. तालुक्याला म्हणायचे "वर पाठवलंय", वर गेलं की "खालून आलंच नाही". सेवापुस्तक कुणाकडे आहे, तेही कुणी सांगेना. आई पिशवीत मृत्यूचा दाखला, पासबुक, फोटो घेऊन जायची आणि तशीच परत यायची. शेवटी मामांच्या ओळखीच्या एका निवृत्त नायब तहसीलदारांनी अर्ज लिहून दिला. म्हणाले, "पेन्शन का मिळत नाही असं विचारायचंच नाही. 'का'चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कागद द्यायला आहेत." त्यांनी मागितलं ते असं: प्रकरण कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर आलं, तिथून कधी पुढे गेलं, त्या कर्मचाऱ्यांची पदनामं, आणि आवक-जावक नोंदवहीच्या त्या पानांच्या प्रती. वर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.

नोंदवहीची झेरॉक्स आली. त्यात वडिलांचं नाव, समोर तारीख, 'कोणास दिले' या रकान्यात एक सही. पुढचा रकाना कोरा. म्हणजे प्रकरण पोचलं होतं आणि त्याच टेबलावर पडून होतं. आईने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बघ, मी खोटं बोलत नव्हते." पेन्शन नंतर थकबाकीसकट सुरू झाली, पण माझ्या मनात ते वाक्यच राहिलंय.

तुमचे अनुभव लिहा. काही हाती लागलं नसेल तरी लिहा.

डोंगरवाट
रस्ता. आमच्या वाडीचा. एमबी मागितली (मोजमाप पुस्तिका, जिच्यावर ठेकेदाराचं बिल निघतं), शिवाय अंदाजपत्रक आणि कार्यारंभ आदेश. एमबीत ओढ्यावर मोरी, पाइपांच्या व्यासासकट. जागेवर मोरीच नाही, पावसाळ्यात पाणी रस्त्यावरून वाहतं, पोरं चपला हातात घेऊन शाळेत जातात. ग्रामसभेत ते पान वाचून दाखवलं. एक आजोबा उठले, "चला, दाखवा मोरी." अख्खी सभा ओढ्यावर गेली. मोरी त्याच उन्हाळ्यात बसली. वसुली मात्र कुणाकडूनही झाली नाही, त्याचा राग अजून आहे.

सायलीचा वेल
रानपाखरू, वाचून डोळे भरले. आई कशा आहेत आता?

रानपाखरू
बरी आहे गं. गुडघे तेवढे दुखतात. गेल्या महिन्यात पेन्शनमधून नातवाला सायकल घेतली, स्वतः दुकानात जाऊन.

सायलीचा वेल
व्वा! गुडघ्यांसाठी माझ्या सासूबाईंना फिजिओचा खूप उपयोग झाला. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

पेठेतला
10 रुपयांचा स्टॅम्प मिळतो का हो हल्ली? आमचा व्हेंडर कायम "संपलेत" म्हणतो.

टपालपेटी
रोख भरून पावती घेता येते, डीडीही चालतो. राज्याचं ऑनलाइन पोर्टल आहे, तुमचं कार्यालय यादीत आहे का बघा. आणि अर्ज टपालाने पाठवायचा तर रजिस्टर एडी शोधत बसू नका, 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय.

पेठेतला
काय सांगता! वडील पोस्टात होते माझे. रजिस्टरची लाखेची मोहर, तो वास... असो, विषयांतर झालं.

अभ्यासिका
विद्यापीठाच्या परीक्षेत एका पेपरला अनपेक्षितपणे नापास. फेरतपासणीची फी परवडणारी नव्हती. सीनियरने सांगितलं, 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसईच्या प्रकरणात निकाल दिलाय की स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात मिळते. 2 रुपये पानाने मिळाली. आतलं एक आख्खं उत्तर तपासलेलंच नव्हतं, लाल शाईचा ठिपकासुद्धा नाही. पास झाले. होस्टेलवर त्या वर्षी कितीतरी जणींचे अर्ज मी लिहून दिले.

तिसरी खिडकी
मी एका कार्यालयात जन माहिती अधिकारी (म्हणजे या अर्जांना उत्तर देणारी) आहे, म्हणून दुसरी बाजू. माझं रोजचं काम सांभाळून हे काम असतं. "सन 2000 पासून आजपर्यंतच्या सर्व कामांची सर्व माहिती" असा अर्ज येतो तेव्हा मागच्या खोलीतले गठ्ठे सोडत दोन माणसं बसतात, आणि तेवढा वेळ दाखल्यासाठी आलेली माणसं ताटकळतात. अर्ज देऊन मग ठेकेदाराकडे तडजोडीला जाणारेही पाहिलेत. पण आईच्या पेन्शनसारखा अर्ज आला की मी त्याच दिवशी कागद काढते. कुणाला नक्की काय हवंय ते ठाऊक नसेल तर दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहायला या. 2018 चा शासन निर्णय आहे, जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, महापालिका यांच्यासाठी. फाईल चाळा, हवी ती पानं सांगा. तुमचंही काम होतं, आमचंही.

डोंगरवाट
ताई, मनापासून पटलं. पण माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे तुम्ही लोकांनी आपणहून जाहीर करायची माहिती फलकावर, वेबसाइटवर असती तर निम्मे अर्ज आलेच नसते. आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर अजून जुन्या सरपंचांचं नाव आहे.

तिसरी खिडकी
मान्य. शंभर टक्के.

नदीकाठ
वाळू लिलावाचे कागद माझ्या दिराने मागितले. अर्ज आवक झाला त्याच संध्याकाळी दारात दोन गाड्या. अर्जावर घरचा पत्ता असतो, तो बाहेर गेला कसा? सासूबाईंनी दोन दिवस जेवण केलं नाही. तळेगावच्या सतीश शेट्टींचं सगळ्यांना आठवत असेल, 13 जानेवारी 2010. जमिनींचे घोटाळे काढत होते, सकाळी फिरायला गेले असताना मारलं. दिराने अर्ज मागे घेतला नाही, पण मग गावातल्या आणखी काही जणांनी तीच माहिती वेगवेगळ्या नावांनी मागितली. त्यानंतर गाड्या आल्या नाहीत.

सायलीचा वेल
बापरे. जपा हो.

उत्तरेचा वारा
स्टॉकहोमहून. इथे असा कायदा 1766 पासून आहे. नगरपालिकेत गेले, शेजारच्या बांधकामाचे कागद मागितले. नाव विचारलं नाही, कारण विचारलं नाही. पहिल्यांदा मलाच चुकल्यासारखं वाटलं!

टपालपेटी
अर्जाचं कारण आपल्याकडेही विचारता येत नाही. कलम 6(2). संपर्कापुरता पत्ता द्यायचा, बस. तरी "कशाला हवंय?" हा पहिला प्रश्न असतो.

मांडवी
गोव्यात राज्याचा कायदा 1997 लाच झाला होता, महाराष्ट्राच्या आधी. आमच्या बाबांना कोमुनिदादच्या (गावाच्या सामाईक मालकीच्या) जमिनीचे जुने कागद हवे होते, ते पोर्तुगीज भाषेतले निघाले. कागद मिळाले पण घरात वाचणारं कुणी नाही. शेवटी शेजारच्या आजींनी चष्मा पुसत पुसत वाचून दाखवले.

जुनी नस्ती
"सदर संचिका कार्यालयात आढळून येत नाही." एवढंच उत्तर. बिल्डिंगचा मंजूर नकाशा, अहो! प्रथम अपिलात (ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे करायचं) मी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 चा उल्लेख केला. अभिलेख बेकायदेशीर नष्ट केला तर 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून फाईल गहाळ असल्यास गुन्हा नोंदवून त्याची प्रत द्या, असं लिहिलं. सुनावणीच्या आधीच नकाशा सापडला. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

एकटा तारा
माझं दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे पडून आहे. मुलीच्या पहिलीच्या प्रवेशाबद्दल माहिती मागितली होती, ती आता पाचवीत आहे. 30 दिवसांत माहिती नाही तर अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये दंड, 25,000 पर्यंत, हे कायद्यात आहे. पण तारीखच लागत नसेल तर त्या दंडाची भीती कुणाला वाटणार? शिवाय 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहिती नाकारण्याचं कलम 8(1)(j) बदललं. आधी वैयक्तिक माहितीसुद्धा व्यापक जनहित असेल तर द्या, असं त्याच कलमात होतं, ते गेलं. 8(2) (जनहित मोठं असेल तर माहिती देता येते) अजून आहे म्हणतात, पण खिडकीवरचा माणूस 8(2) वाचत नाही. हे फार गंभीर आहे, लोकांना कळायला हवं.

जुनी नस्ती
+1. आमच्याकडे आता रजेचा अर्जसुद्धा 'वैयक्तिक' झालाय.

पेठेतला
डोंगरवाट, आमच्या गल्लीतल्या गटाराचं काम कागदावर पूर्ण दाखवलंय असं कळलं. एमबी मागायला तिचा नंबर लागतो का?

डोंगरवाट
नाही. कामाचं नाव, वॉर्ड, आर्थिक वर्ष लिहा. एक अर्ज एकच विषय, 150 शब्दांत. एमबीबरोबर कामाची जागेवर पाहणीही मागा, कलम 2 मध्ये ती आहे. जाताना टेप घ्या, गल्लीतले चारजण घ्या, आणि लांबीच नाही, खोलीसुद्धा मोजा. खोलीतच खातात.