मदत हवी आहे: खोडमाशीतून वाचलेल्या ज्वारीचं बियाणं धरावं का?

नमस्कार मंडळी. मंगळवेढ्याकडची आमची कोरडवाहू काळी जमीन. मालदांडीचं बियाणं वडिलांपासून घरचंच. यंदा वाफसा लवकर आला म्हणून पूर्वा नक्षत्रातच पेरलं आणि खोडमाशीनं गाठलं. पंधरा-सोळा दिवसांत पोंगे, म्हणजे रोपाचे मधले कोवळे शेंडे, वाळायला लागले. ओढला की पोंगा अलगद हातात, बुडाला कुजका वास. एका पट्ट्यात निम्म्याच्या वर रोपं गेली. नंतर फुटवे आले, पण ते मागं पडलेत.

त्याच पट्ट्यात तीसेक रोपं मात्र जशीच्या तशी राहिली. त्यांना तेव्हाच सुतळी बांधली. त्यांची पानं चकचकीत, फिकट पोपटी होती. पाणी शिंपडलं तर पानाला धरून राहायचं, शेजारच्या रोपांवरून थेंब मोत्यासारखे घरंगळायचे. आता ताटं पोटरीत आहेत, कणीस अजून पानाच्या आवरणातच आहे. ही खरंच माशीला दाद न देणारी, की माशीच्या नजरेतून नुसती सुटलेली? कसं ओळखायचं? बियाणं बदला असं सगळे म्हणतात, पण या ज्वारीची भाकरी आणि कडबा सोडवत नाही.

प्रतिसाद १
दादा, सुतळी बांधलीत हे फार चांगलं केलंत. मालदांडी ३५-१ सुद्धा १९३० च्या दशकात मोहोळला स्थानिक ज्वारीतूनच निवडलेली. कोवळ्या पानाची चकाकी हा खोडमाशीला तोंड देणाऱ्या वाणांचा ओळखीचा गुण. दुसरा गुण पानाखालची बारीक लव. माशी पानाच्या खालच्या बाजूला एकेक पांढरं अंडं घालते, लव असली की कमी घालते. पूर्ण प्रतिकाराची आशा मात्र धरू नका. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत तुलनेसाठी वापरतात त्या आयएस १८५५१ वाणातही थोडे पोंगे मरतातच.

एका हंगामावरून सुटलेलं आणि टिकणारं वेगळं करता येत नाही. प्रत्येक कणसाचं बी वेगळं ठेवा आणि पुढच्या वर्षी एका कणसाची एक ओळ पेरा. कडेला माशीला बळी पडणारी ज्वारी वीसेक दिवस आधी पेरा, ओळी उगवल्या की ओला मासळीचा कुट्टा पसरा. वासानं माशी धावत येते आणि सगळ्या ओळींची सारखी परीक्षा होते. मग ओळीओळीतले मेलेले पोंगे मोजा. आणि आत्ता, कणीस निसवताच (बाहेर पडताच) फुलोऱ्याआधी कागदी पिशवी घाला. बाजूच्या साध्या ताटाचा पराग आला तर पुढच्या पिढीत चकाकी लपते.

धागाकर्ता
मनापासून आभार. पिशव्या उद्याच आणतो. दाणा भरायला लागला की पिशवी काढायची, की पाखरांसाठी तशीच ठेवायची?